सपाट टप्पे आणि सेकंदांचा हिशेब

अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीतील सपाट टप्प्यात शेवटची दहा मिनिटे सोडली तर पाहण्यासारखे काही नसते, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. पुढे निसटलेल्या चार-पाच जणांना वारा स्वतःच कापावा लागतो, तर मागच्या मोठ्या घोळक्यात एकमेकांच्या आडोशाने सायकल चालवणाऱ्यांची बरीच शक्ती वाचते. म्हणूनच घोळका त्यांना मुद्दाम थोडी मोकळीक देतो आणि अखेरच्या काही किलोमीटरांत गाठू पाहतो. हा हिशेब जुळतो की फसतो, यातच खरी उत्सुकता आहे. त्यात आडवा वारा सुटला, तर घोळक्याचे तुकडे होऊन विजेतेपदाचा दावेदारही मागे पडू शकतो.

पर्वतीय टप्प्यांचे आकर्षण मी नाकारत नाही, मात्र माझ्या मते सर्वांत थरारक दिवस टाइम ट्रायलचे, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवण्याचे (कागदावर हाच प्रकार सर्वांत नीरस वाटतो!). १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये अखेरच्या दिवशी ५० सेकंदांनी पिछाडीवर असलेल्या ग्रेग लेमाँडने वर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरांत लोराँ फिन्योंला मागे टाकले आणि तीन आठवड्यांची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. २०२० मध्ये याच शर्यतीत पोगाचारने रोग्लिचकडून एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी हिसकावली, तीही टाइम ट्रायलमध्येच, पॅरिसच्या आदल्या दिवशी.