‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ की ‘हिअरिंग’?

प्रश्न: ईमेलच्या शेवटी मी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ लिहिते. सहकारी म्हणतो, ‘हिअरिंग’ हवं. पण ‘टू’नंतर मूळ क्रियापदच येतं ना? ‘आय वॉन्ट टू हिअर’सारखं?

उत्तर १: सहकाऱ्याचं बरोबर आहे. इथल्या ‘टू’पुढे नाम किंवा नामासारखं रूप लागतं. शंका आली की पुढे ‘दॅट’ ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दॅट’ चालतं, म्हणून ‘हिअरिंग’. ‘वॉन्ट टू दॅट’ चालत नाही, म्हणून तिथे ‘हिअर’. मला ही कसोटी व्याकरणाच्या नियमापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

उत्तर २: ‘डिस्कस अबाउट’ही टाळा हो, फार खटकतं. ‘डिस्कस द बजेट’ पुरतं. ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’ मात्र बरोबर, कारण ते नाम आहे.

प्रश्नकर्ती: ‘ऑब्जेक्ट टू’लाही ‘दॅट’ लावून पाहिलं, जमतंय. म्हणजे ‘ऑब्जेक्ट टू पेइंग’. आभार!