गिरणा-पांझरेच्या गाडवाटा सायकलसाठी नकाशावर आणाव्यात का?

पांझराकाठ (धुळे):
खानदेशात सायकल काढली की आपण सगळे महामार्गाच्या कडेलाच जातो. कंटेनर अंगावरून गेल्यासारखा जातो आणि आपण पांढऱ्या पट्टीला चिकटून पायडल मारत राहतो. त्याच वेळी हाकेच्या अंतरावर मुरमाच्या गाडवाटा रिकाम्या पडलेल्या असतात. ग्रॅव्हल सायकल, म्हणजे वाकड्या हँडलची पण ३८ ते ४५ मिलिमीटर टायरची, ही असल्याच वाटांसाठी बनलेली आहे. बाकी महाराष्ट्र त्यासाठी सह्याद्रीचे घाट शोधतो. आपल्याकडे नदीखोऱ्याचा मोकळा सपाट मुलूख आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला तोच हवा असतो.

उदाहरण देतो. धुळ्याच्या खाली पांझरेच्या अंगाने न्याहळोद, मग बेटावद, मग मुडावद. मुडावदला पांझरा तापीला मिळते, कपिलेश्वराचं मंदिर तिथेच आहे. दोन्ही बाजूंना कपाशी, मका, पुढे हरभरा आणि गहू. थकलात तर बेटावदला सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन आहे.

दुसरं, साक्री तालुक्यातली फड पद्धत. पांझरेवर शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी देणार. पाणी फक्त उतारावर वाहतं, म्हणून पाटाला अगदी हलका, सारखा उतार दिलेला असतो आणि त्याच्या कडेची वाटही तशीच चालते. अशा वाटेवर सायकल चालवताना गिअर बदलायची गरजच पडत नाही. इतका सुंदर रस्ता आपल्या जिल्ह्यात आहे आणि तो आपल्याच पोरांना माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खुद्द तापीच्या काठाने मात्र जाऊ नका. गाळाच्या जमिनीत पाण्याने खोल घळी पाडल्यात, वाट मध्येच तुटते.

माझी मागणी दोन भागांत आहे. एक, या वाटांचा सर्वांना वापरता येईल असा नकाशा करावा आणि फाट्यांवर ग्रामपंचायतींनी लहान पाट्या लावाव्यात. दोन, कालव्याकाठचे मुरमाचे रस्ते डांबरी करू नयेत, असं निवेदन आपण द्यावं.

केळीबाग (यावल):
पहिला भाग एकवेळ ठीक. दुसऱ्याला माझा ठाम विरोध.

मुरमाचा रस्ता तुम्हाला आवडतो कारण तुम्ही त्यावरून रिकाम्या हाताने जाता. बाग कापायला आली की घड खांद्यावरून काढून ट्रॉलीत केळीच्या पानांवर रचावे लागतात. रस्त्यात चाकोऱ्या पडलेल्या असल्या तर प्रत्येक हादऱ्याला घडावर घड घासतो. शेतात हिरवी दिसणारी फणी दुसऱ्या दिवशी काळे डाग घेऊन उभी राहते आणि व्यापारी तिथेच भाव पाडतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती केळी बांधावरून डांबरापर्यंत आणायची कशी, हा प्रश्न तिथेच राहिला.

आणि पावसाळ्यात? काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतला की दुसरा बोलवा, तोही रुततो. पाणंद रस्ते पक्के व्हावेत म्हणून गावोगाव लोक तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. मातोश्री पाणंद रस्ते योजना त्यासाठीच आणली गेली. आणि तुम्ही शहरातून येऊन म्हणणार, राहू द्या कच्चे, आम्हाला चालवायला बरे वाटतात?

अमळनेरची सायकलवाली:
केळीबाग यांच्या बाजूने आहे, आणि तरीही नकाशा हवा म्हणते.

महामार्गावर मी एकटी सायकल चालवत नाही, घरचे जाऊ देत नाहीत आणि त्यांचं चुकतं असंही मला वाटत नाही. गाडवाटेवर वेगळं असतं. सकाळी कापूस वेचायला निघालेल्या बायका भेटतात, "कोनी पोर शे?" म्हणून विचारतात, पाणी देतात. मला सुरक्षित वाटतं ते या माणसांमुळे, रस्ता मुरमाचा आहे म्हणून नाही. त्यामुळे उद्या ती वाट डांबरी झाली तरी मी तिथूनच जाईन.

उलट सायकलवाल्यांसाठीच नियम हवेत. वेचणीच्या दिवसांत याच वाटांवर डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका चालतात. दहा-बारा जणांचा घोळका त्यांच्यामधून जोरात सुटला, तर पुढच्या वेळी कोणी पाणी विचारणार नाही.

पांझराकाठ (धुळे):
केळीबाग, शेतात जाणारा पाणंद रस्ता पक्का व्हायलाच हवा, त्याच्या आड कोण येणार? मी बोलतोय ते कालव्याच्या भरावावरच्या वाटेबद्दल, जी पाहणीसाठी केलेली असते. ती डांबरी झाली की जड वाहनं तिथे शिरतात आणि भराव खचतो. त्यात नुकसान पाणी घेणाऱ्याचंच आहे.

जुना सायकलवाला (पाचोरा):
नकाशाला माझा विरोध वेगळ्या कारणाने. गिरणेकाठच्या बऱ्याच वाटांवर वाळूचे ट्रॅक्टर आणि डंपर पळतात, पहाटे तर जास्तच. बिनदिव्याचे. अनोळखी माणसाने मोबाइलवरची रेघ बघत अशा वाटेला लागावं, हे मला पटत नाही. ज्याला जायचं आहे त्याने गावात विचारत जावं.

दुरुस्तीवाला (धुळे):
वाद चालू द्या, पण निघणाऱ्यांनी हे ऐका. आपल्याकडे खरा त्रास सराट्यांचा आणि वेड्या बाभळीच्या काट्यांचा. पाऊस संपला की बांधावर सराटे वाळून पडतात आणि एका फेरीत टायरमध्ये डझनभर रुततात. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा पातळ द्रव, याला पर्याय नाही. काटा लगेच उपटू नका, आधी चाक फिरवून तो भाग खाली आणा म्हणजे सीलंट तिथे जमतं, मग ओढा. ओल्या काळ्या मातीत तर शिरूच नका. टायर आणि फोर्कच्या मधे चिखल असा बसतो की चाकच फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. मे महिन्यात ४५ अंशांत कोणी हौस करू नये.

बेटावद शिवार:
आमच्याकडून एवढंच : आमना गावमा या, पन सांगीसन या.

नकाशा करताना एक पाहा. गावनकाशावर तुटक दुहेरी रेघेने दाखवलेली गाडवाट सगळ्यांची. पण बऱ्याच ठिकाणी जी वाट दिसते ती कोणाच्या तरी बांधावरून शेजाऱ्याला दिलेली असते, १९६६ च्या महसूल अधिनियमातल्या कलम १४३ खाली तहसीलदाराच्या हुकुमाने, भांडून मिळवलेली. तिथे रोज परक्या सायकली फिरल्या तर दोन शेतकऱ्यांमधलं मिटलेलं भांडण पुन्हा पेटेल. उपग्रहाच्या चित्रात या दोन्ही वाटा सारख्याच दिसतात.

पांझराकाठ (धुळे):
हे फार कामाचं सांगितलंत. न्याहळोदपर्यंतचे गावनकाशे मी काढतो. बेटावद ते मुडावद तुम्ही दाखवाल का? ज्या वाटेबद्दल शंका असेल ती नकाशावर घ्यायचीच नाही. गिरणेची बाजू पाचोऱ्याचे काका म्हणतात त्या कारणाने सध्या बाहेर ठेवू.

केळीबाग (यावल):
नकाशा करा, यावलकडे आलात तर बागेत या, भरीत-भाकरी करू. कालव्याच्या निवेदनावर मात्र माझी सही मिळणार नाही. आमच्याकडे कित्येक शेतांना भरावावरची वाट हाच एकमेव रस्ता आहे.