लॅब्राडूडल घेताना एफ१, एफ१बी आणि एफ२ यांतून निवड कशी करावी?

यारातीर

आम्ही मेलबर्नमध्ये राहतो आणि मोठ्या आकाराचे लॅब्राडूडल (लॅब्रेडॉर आणि पूडल यांच्या संकरातले) पिल्लू आणायचे घरात जवळजवळ ठरले आहे. अडचण अशी की, दरवर्षी काही महिने आमच्याकडे राहायला येणाऱ्या माझ्या सासूबाईंना कुत्रा जवळ असला की शिंका येतात आणि धाप लागते. दोन ब्रीडरांशी बोलणे झाले. एकाकडे एफ१बी पिल्ले आहेत आणि ती ‘ॲलर्जीमुक्त’ आहेत असे तो ठामपणे सांगतो. दुसरीकडे एफ२ पिल्ले असून त्यांची किंमत बरीच कमी आहे, आणि दुसरी पिढी म्हणजे अधिक स्थिरावलेली जात, असे त्या बाईंचे म्हणणे आहे. या आकड्यांचा नेमका अर्थ काय आणि त्यांवरून किती विश्वास ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वेताळटेकडी

शुद्ध लॅब्रेडॉर आणि शुद्ध पूडल यांची थेट संतती म्हणजे एफ१. दोन एफ१ कुत्र्यांपासून झालेली पिल्ले एफ२, तर एफ१चा पुन्हा पूडलशी संकर केला की होणारी पिल्ले एफ१बी, म्हणजे त्यांच्यात पूडलचा वाटा सरासरी पाऊण असतो. आकडा वाढला म्हणून जात स्थिरावली, असे मुळीच नाही. एफ२च्या बाबतीत तर नेमके उलटे घडते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच उमगेल: संकरित बाजरीचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, कारण घरचे दाणे पेरले तर पुढच्या पिकात एकसारखेपणा राहत नाही.

केसांचे उदाहरण घ्या. पूडलच्या तोंडावर मिशा, दाढी आणि दाट भुवया येतात त्या आरएसपीओ२ या जनुकाच्या एका प्रभावी रूपामुळे, आणि केस कमी गळण्याशीही त्याचा संबंध आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. पूडलमध्ये साधारणपणे दोन्ही प्रती या रूपाच्या असतात, लॅब्रेडॉरमध्ये एकही नसते. म्हणून प्रत्येक एफ१ पिल्लाला एक प्रत मिळते. दोन एफ१ एकत्र आले की मात्र चारातल्या एका पिल्लाला ती मिळत नाही आणि ते पिल्लू लॅब्रेडॉरसारखे गुळगुळीत तोंडाचे, भरपूर केस गाळणारे निघू शकते. चारात एक ही सरासरी आहे. आठ पिल्लांच्या वेतात असे एकही पिल्लू नसण्याची शक्यता सुमारे १० टक्के, म्हणून एखादे वेत पाहून निष्कर्ष काढू नये. एफ१बीमध्ये प्रत्येक पिल्लाला किमान एक प्रत मिळतेच. केस गळण्यावर एमसी५आर या दुसऱ्या जनुकाचाही प्रभाव असतो आणि तिथे सरासरी निम्म्या एफ१बी पिल्लांना कमी गळण्याच्या रूपाच्या दोन प्रती मिळतात, उरलेल्यांना एकच. लाळेची किंवा गालाच्या आतल्या पेशींची चाचणी करून ही दोन्ही जनुके पिल्लागणिक तपासता येतात. ब्रीडरकडे ते अहवाल असतील तर पिढीचे नाव विचारण्याची फारशी गरजच उरत नाही.

खूर_आणि_पंजा

मी पशुवैद्यक असल्यामुळे आरोग्याविषयी थोडे लिहितो. संकरित कुत्रे आपोआप निरोगी असते, हा समज अर्धाच खरा आहे. संकराचा जोम, म्हणजे दोन जाती मिसळल्याने वाढणारा धडधाकटपणा, एफ१मध्ये सर्वाधिक असतो आणि एफ२ किंवा एफ१बीमध्ये साधारण निम्म्यावर येतो. शिवाय जो दोष दोन्ही जातींत आहे, त्याच्यापुढे या जोमाचे फारसे काही चालत नाही. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए-पीआरसीडी हा आजार लॅब्रेडॉर आणि पूडल या दोघांतही आढळतो. दोन्ही पालक वाहक (दोषाची एक प्रत बाळगणारे, पण स्वतः निरोगी) असतील तर एफ१ पिल्लूही आंधळे होऊ शकते. याउलट श्रमाने कोसळण्याचा ईआयसी हा लॅब्रेडॉरमधला अप्रभावी दोष एफ१मध्ये लपून राहतो आणि दोन वाहक एफ१ एकत्र आले की एफ२मध्ये प्रकट होतो. त्यामुळे कमी किमतीच्या एफ२ पिल्लांच्या आईबापांचे अहवाल मी अधिक कसोशीने मागेन. नितंबाच्या सांध्याच्या क्ष-किरण गुणांकनात ऑस्ट्रेलियात दोन्ही सांधे मिळून ० ते १०६ गुण असतात आणि ते जितके कमी तितके चांगले. कोपराचे गुणही विचारावेत.

एफ१बीच्या ब्रीडरला एक प्रश्न मात्र चुकवू नका: एफ१ मादीचा बाप आणि आताच्या पिल्लांचा बाप एकच पूडल तर नाही ना? तो एकच असेल तर ही बाप-लेकीची पैदास झाली, आंतरप्रजननाचा गुणांक (नात्यातल्या पैदाशीचे माप) २५ टक्के झाला, आणि संकराच्या जोमाच्या गोष्टी व्यर्थ ठरल्या.

यारातीर

दोघांचेही मनापासून आभार. पूडलविषयीचा प्रश्न मला सुचलाच नसता. पण ॲलर्जीचे काय? केस गळत नाहीत म्हणजे त्रास होणार नाही, असे समजावे का?

दख्खनी_राणी

असे समजू नये. त्रास केसांमुळे होत नाही. लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असलेल्या कॅन एफ १ सारख्या प्रथिनांमुळे होतो (या नावातल्या ‘एफ १’चा पिढीशी संबंध नाही). नेदरलँड्समधील २०१२ च्या एका अभ्यासात लॅब्राडूडल, पूडल यांसारख्या तथाकथित ॲलर्जीमुक्त जातींच्या केसांवर हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा अधिक आढळले. लॅब्राडूडलच्या घरांतील जमिनीवरच्या धुळीत ते कमी होते, पण घरातल्या हवेत फरक दिसला नाही.

तुमच्याच शहराशी निगडित एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. व्हिक्टोरियातील मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये हा संकर मुद्दाम करून पाहिला, तो हवाईतील एका अंध स्त्रीसाठी, कारण तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. जन्मलेल्या तीन पिल्लांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने तिकडे पाठवले, तेव्हा त्यांपैकी एकच पिल्लू, ज्याचे नाव सुल्तान, त्या पतीला सोसले. तिघेही एफ१ आणि तिघे एकाच वेतातले! म्हणून सासूबाई मेलबर्नला असताना त्यांना शक्यतो त्याच पिल्लाजवळ आणि त्याच्या आईबापांजवळ तास-दोन तास, तेही एकाहून अधिक वेळा, बसू द्या. आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. पिल्लाचे केस पुढे, आठ ते बारा महिन्यांत, बदलतात, हेही लक्षात ठेवा.

खूर_आणि_पंजा

वरील सल्ल्याला दुजोरा देतो. कमी गळणारे केस गुंतून त्यांच्या गाठी होतात, त्यामुळे रोज विंचरणे आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी व्यावसायिक कातरणी हा खर्च आधीच धरून चाला. व्हिक्टोरियात विक्रीच्या जाहिरातीत मायक्रोचिपचा आणि नोंदणीचा स्रोत क्रमांक देणे बंधनकारक आहे. तो नसेल तर पुढची बोलणी करू नका.

यारातीर

एफ२वाल्या बाईंना आज ईआयसी आणि पीआरएचे अहवाल मागितले. त्यांच्याकडे फक्त लसीकरणाची पुस्तिका आहे. एफ१बीच्या ब्रीडरने दोन्ही पूडल नरांची नावे आणि नितंबांचे गुण लगेच पाठवले, पूडल वेगळे आहेत. जनुकीय चाचणीचा खर्च मी देते म्हटल्यावर तोही तयार झाला. सासूबाई येत्या महिन्यात येत आहेत, तोवर आम्ही कोणतीच अनामत रक्कम भरणार नाही.