फातिमा हे नाव नक्की कोणाचं?

वसईची लेक
काल एकाने छातीठोकपणे लिहिलं की, गोवा-वसईतल्या ख्रिस्ती बायकांचं फातिमा हे नाव पोर्तुगालच्या फातिमा मातेवरून आलं, त्याचा अरबीशी काडीचा संबंध नाही. माझंच नाव फातिमा, घर वसईत, दर रविवारी मिस्सा. म्हणून मीच बोलते. १३ मे १९१७ ला लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन पोरांना मेंढरं राखताना येशूच्या आईचं, मरियामाउलीचं, पहिलं दर्शन झालं. ते जिथं झालं त्या गावाचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून फातिमाच होतं. ते आलं मुरांच्या, म्हणजे पूर्वी तिथं राज्य करणाऱ्या मुसलमानांच्या, अरबीतून. अरबीत ‘फ-त-म’ म्हणजे अंगावरचं दूध तोडणं. फातिमा म्हणजे दूध तोडणारी. धाकट्याचं तोडताना माझ्या आईने कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता. थू थू करत रडणारा तो आणि त्याच्याहून जास्त रडणारी आई, दोघं अजून डोळ्यांपुढे आहेत. इतकं आईपणाचं नाव, आणि त्याची पाळंमुळं लपवायची कशाला?

बार्देशकर
मीच लिहिलं होतं. नावाचं मूळ वेगळं, ठेवणाऱ्याचा हेतू वेगळा. माझ्या मावशीचा जन्म १३ ऑक्टोबरचा, शेवटच्या दर्शनाच्या दिवसाचा, म्हणून पाद्रींनी फातिमा सुचवलं. घरात अरबीचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. आपल्याकडे हे नाव पोर्तुगालहूनच आलं.

राजापूरकर
‘आपल्याकडे’ म्हणजे कोणाकडे? आम्ही कोकणी मुसलमान काय काल आलो? फातिमा ही पैगंबरांची आणि खदिजांची लेक, हसन-हुसेनची आई. आमच्या घरात पिढीआड एक फातिमा असतेच. खरा त्रास वेगळाच आहे. माझी दादी शाळेच्या दाखल्यावर ‘फातिमा’, रेशनकार्डावर ‘फातमा’, पासबुकावर ‘फातेमा’. तीन बायका समजून पेन्शन अडवली. दोन वर्षं झाली. खिडकीवरचा माणूस म्हणतो, यातलं बरोबर नाव कोणतं ते आधी ठरवा!

भेंडीबाजारवाली
दादींचं वाईट वाटलं. पण आम्हा बोहऱ्यांत फातेमाच म्हणतात, ती चूक नाही. ज्या फातिमी खलिफांनी ९६९ मध्ये कैरो वसवलं, त्यांना आम्ही आमचे इमाम मानतो. कारकुनाने आमचा उच्चार ‘सुधारायचा’ हे मला अजिबात चालत नाही.

राजापूरकर
मी चूक कुठे म्हटलं? पेन्शन माझ्या दादीची अडकलीय, तुमची नाही!

भेंडीबाजारवाली
आवाज चढवू नका. माझा पासपोर्टही याच एका मात्रेपायी परत आला होता.

कोट्टायमची सून
भांडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती, १९८९ सालच्या, फातिमा बीवी. त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये टीनंतर एच आहे. माझ्या सासरी केरळात याच नावाची पातुम्मा होते, तुर्कस्तानात फातमा, सेनेगलमध्ये फातू. एवढ्या देशांत फिरलेल्या नावाचं एकच रूप कसं राहील?

वसईची लेक
बार्देशकर, मूळ मुद्दा सोडू नका. सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात त्या म्हणतात की फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही. तुमच्या १९१७ च्या ६१ वर्षं आधी हे नाव मराठी घरात इतक्या मायेने घेतलं जात होतं. आता सांगा, कुठून आलं?

बार्देशकर
पत्राचं ध्यानात नव्हतं. ‘आपल्याकडे पोर्तुगालहूनच’ हे मागे घेतो. गावाचं नाव अरबी, तेही मान्य. पण मावशीचं नाव माउलीचंच आहे, त्यात मी तसूभर हलणार नाही.

वसईची लेक
हलू नका, माझंही माउलीचंच आहे. राजापूरकर, माझ्या आत्याचं असंच अडलं होतं. प्रतिज्ञापत्रात ‘फातिमा उर्फ फातमा उर्फ फातेमा’ अशी तिन्ही रूपं लिहून घेतली आणि सोबत शाळेचा दाखला जोडला, तेव्हा सुटलं.

राजापूरकर
तिन्ही एकाच कागदावर? सोमवारी दादीला घेऊन जातो.