स्पोर्ट्स कार दोन वर्षांत विकायला का निघते? (अनुभव धागा)

बीडबायपास
काल एक जाहिरात दिसली. एमएच २० पासिंग, दोन दारांची जर्मन गाडी, वय अडीच वर्षं आणि रनिंग फक्त ६,२०० किलोमीटर. बघून ऑक्टोबर २०१० आठवला. तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच वेळी १५० मर्सिडीज आल्या होत्या. ६५ कोटींचा सौदा, स्टेट बँकेचं ७ टक्क्यांचं कर्ज, देशभर बातमी. पण त्या घरादाराला पुरणाऱ्या गाड्या होत्या. ही दोन दारांची, ४००-५०० घोड्यांची जात मात्र आली की गेलीच समजा. पैसा असतो, हौस असते, मग विकतात कामून?

'हौस फिटली' एवढं लिहून पळू नका. ज्यांचा हात रोज या गाड्यांना लागतो त्यांनी नेमकं लिहा. मिलिमीटरमध्ये लिहिलं तरी चालेल.

वाळूज_गेट
मिलिमीटरमध्येच घ्या मग. पोट जमिनीपासून ११० ते १३० मिमी. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंमी उंच पण ३.७ मीटर रुंद असतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरलं तर मधे पोटाकडं येणारा उंचवटा जेमतेम साडेचार सेंमी भरतो, कारण चाकंही त्याच उतारावर चढलेली असतात. गाडी आरामात जाते.

गावातला ब्रेकर हात-दीड हात रुंद आणि १५ सेंमी उंच. तो अख्खाच्या अख्खा पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे बसतो. तिथं १५ म्हणजे १५. पोट घासणारच.

लोक म्हणतात नोज लिफ्ट घेतलंय. ते फक्त पुढचा एक्सल ४० मिमीच्या आसपास उचलतं. नाक वाचतं, पण गाडीच्या मध्यावर त्याचा निम्माच फायदा, म्हणजे २० मिमी. ११५ चे १३५ झाले, ब्रेकर १५० चा. करा वजाबाकी.

औशाचा
तिरकी घालायची की राव

वाळूज_गेट
@औशाचा बरोबर, तिरकी घातली की एकेक चाक चढतं आणि पोट वर राहतं. पण तिरकी घालायला समोरची लेन रिकामी लागते. उसाचा हंगाम चालू असताना समोरून डबल ट्रॉली येत असते. तिच्यापुढं तिरकं कोण होणार? पोटाखाली प्लॅस्टिकची सपाट पॅनल असतात ती आधी फाटतात, क्लिपा तुटतात, मग पॅनल वाऱ्यानं फडफडतं. मालकाला वाटतं इंजिनात आवाज आला.

टायर_जालना
आमच्या स्टील मिलच्या रस्त्यावर लोखंडाचे तुकडे, खिळे, तारा हे रोजचं. साध्या गाडीला १०० रुपयांचं पंक्चर, या गाडीला टोइंग. कारण स्टेपनीच नसते. डिकीत एक कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली. खिळा चालीत, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, बसला तर बाटली चालते, साइडवॉलला चीर गेली तर बाटली ओतून फक्त रिम चिकट होते.

आता माप बघा. पोर्शे ९११ करेरा एसला पुढं २४५/३५ आर २०, मागं ३०५/३० आर २१. पुढच्या टायरची भिंत २४५ चे ३५ टक्के, म्हणजे ८६ मिमी. आपल्या साध्या १८५/६५ ची १२० मिमी. खड्ड्यात भिंत पूर्ण दबते, रिम आणि खड्ड्याची कड यात रबर चिमटतं, आतली दोरी तुटते आणि दुसऱ्या दिवशी फुगा दिसतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही, कुणी करून देतो म्हणला तरी करू नका.

दुसरं, पुढचं-मागचं माप वेगळं म्हणून टायर फिरवता येत नाहीत. मागचे आधी झिजतात. रबर मऊ असतं, १५-२० हजारांत मागची जोडी गेली तर जास्त गेली असं नाही. आणि ते माप जालन्यात काय, संभाजीनगरातही रॅकवर नसतं. पैसे आधी, टायर नंतर, तोवर गाडी जॅकवर.

परभणी_सरकी
जालन्याच्या रस्त्याचं खरंय. सोयाबीन काय भाव चाललं हो तिकडं?

टायर_जालना
मोंढ्यात विचारा भाऊ, आपण हवा भरतो 🙂

नांदेडी
सगळे खर्चाचंच बोलायलेत. खरी अडचण अंतराची आहे. नांदेडहून अधिकृत वर्कशॉप म्हणजे हैदराबाद, पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. लातूरहून पुणं सव्वातीनशे. साधा वॉर्निंग लाइट लागला तरी गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवायची.

चढवतानाच निम्मं नुकसान होतं, ते कसं होतं ते लिहितो. एक, पुढची दोन चाकं उचलून ओढायची नाही, विशेषतः चारही चाकांना पॉवर असलेली गाडी. मागची चाकं फिरत राहतात आणि गिअरबॉक्स-क्लच जळतात. दोन, बॅटरी बसली असेल तर इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही. विंचनं तशीच ओढली की टायर घासत वर जातात. चाकाखाली घालायच्या चाकाच्या ट्रॉल्या येतात, त्या आहेत का ते फोनवरच विचारा. तीन, रॅम्पचा चढ जास्त असला की बंपर टेकतो. रॅम्पच्या आधी दोन-तीन फळ्या टाकून चढ लांबवायचा. चार, हुक टूलकिटमधलाच लावायचा, बंपरच्या झाकणामागं आटे असतात तिथं. साखळी सस्पेन्शनच्या हाताला बांधली की अलाइनमेंट गेलीच.

लातूरकर_काका
बॅटरीवरून आठवलं. उभ्या गाडीत ५० मिलिॲम्पियर करंट जात असतो. अलार्म, ट्रॅकर, चावीचा रिसीव्हर, सगळं जागंच. दिवसाला १.२ ॲम्पियर-अवर, महिन्याला ३६. बॅटरी ७० ची. म्हणजे महिनाभर उभी ठेवली की निम्मी रिकामी, दीड महिन्यात स्टार्टच नाही. महिन्यात दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीला बॅटरी कंडिशनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा हळू चार्जर, लावूनच ठेवायचा. साधा जुना चार्जर नको. या गाड्यांतल्या एजीएम (पाणी न घालायच्या, बंद) बॅटरीला १४.७ व्होल्टच्या वर गेलं की ती आतून वाळते.

गंमत पुढं आहे. ९११ ला बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचं लॉक करंटवर. बॅटरी बसली की बॅटरीपर्यंत जाताच येत नाही. ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये लाल पिन असते, ती ओढून बाहेर काढायची, तिला दुसऱ्या बॅटरीचं प्लस, मायनस दाराच्या कडीच्या लोखंडाला. मग चावीनं डिकी उघडते. एवढ्यानं गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न करू नका, ती वायर डिकीपुरतीच आहे.

मोंढा_नाका
काका हे माहीत नसल्यानं डिकी पान्यानं उचकटतात लोक 😅

परभणी_सरकी
उंदरांचं कुणीच लिहिलं नाही. सरकी, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की वायरिंग खल्लास. उभी गाडी म्हणजे गरम, अंधारी, शांत जागा. एक वायर कुरतडली तर अख्खं हार्नेस बदला म्हणतात. डांबर गोळ्यांनी काही होत नाही. बारीक जाळी लावलेली बंद शेड, बॉनेट उघडं आणि आत दिवा चालू, एवढं करा.

औशाचा
बॉनेट उघडं ठेवून दिवा लावायला त्या गाडीचं इंजिन मागं असतंय सरकीभाऊ

परभणी_सरकी
मग मागचं उघडा 😂

शेंद्रा_पॉवरट्रेन
उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात ४२-४३ अंश. टर्बो इंजिन गरम हवा ओढतं, इंटरकूलर (ती हवा गार करणारा रेडिएटर) तेवढं थंड करू शकत नाही, मग इंजिनातली ठोक पकडणारा नॉक सेन्सर इग्निशन मागं घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. कागदावरची ताकद दुपारी मिळतच नाही. त्यात पेट्रोल. ही इंजिनं ९५ ते ९८ ऑक्टेनवर ट्यून केलेली, साधं पेट्रोल ९१-९५ च्या घरातलं. शहरात एक्सपी ९५ मिळेल, तालुक्याला विचारूच नका. १०० ऑक्टेनवालं मोठ्या शहरांपुरतं.

वरून २० टक्के इथेनॉल. चालत्या गाडीला अडचण कमी, उभ्या गाडीला जास्त. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी पुरेसं झालं की थर वेगळा होऊन टाकीच्या तळाला बसतो आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवाच कमी राहील.

एमएच२४_कागदपत्र
कराचं आणि विम्याचं एकदाच लिहितो, परत विचारू नका.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स. इम्पोर्टेड असेल किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. वरची मर्यादा आधी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख. विकताना हा पैसा भावात कुणी धरत नाही.

विम्याची किंमत म्हणजे आयडीव्ही ठरलेल्या पायरीनं उतरते. सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीन वर्षांनंतर ४०. क्लेममध्ये रबर-प्लॅस्टिकच्या पार्टाला निम्मेच पैसे, म्हणून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घ्यायचं. पण खरा घोळ इंजिनाचा. दगड लागून ऑइल पॅन फुटला, लाइट लागला आणि तरी गाडी पाच किलोमीटर नेली, तर पॅनचे पैसे मिळतात, जाम झालेल्या इंजिनाचे नाही. त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं, आणि त्यातही मुद्दाम चालवली असं सर्व्हेयरनं लिहिलं तर अडतंच. लाइट लागला की जागीच बंद.

गिऱ्हाईक हैदराबादचं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर फॉर्म ३५, आणि गाडी नावावर करायचे २९-३० आहेतच. त्याला तेलंगणात पुन्हा टॅक्स भरावा लागतो, तो तुमच्याच भावातून कापतो. विकताना फास्टॅग बंद करा, विसरतात लोक.

क्रूझर_सर्व्हिस
दोन सीटची गाडी घेऊन लग्नाला जायचं कसं हा मूळ प्रश्न आहे. नवरा-नवरी पुढं आणि मागून सोळा जण क्रूझरमध्ये. पेट्रोल दोन्हीचं.

मोंढा_नाका
आणि आजी बसली तर उठवायला दोघं लागतात. सीट गुडघ्याच्या खाली, दाराची चौकट उंच. नऊवारीत तर शक्यच नाही.

उदगीर_गल्ली
थोडं विषयांतर. जुनी ऑक्टाव्हिया आरएस २३० बघतोय, ६० हजार झालेली. ती पण अशीच विकतात का लोक? गिअरबॉक्सचं काय बघू?

शेंद्रा_पॉवरट्रेन
@उदगीर_गल्ली ती चार दारांची, मोठ्या डिकीची आहे, म्हणून टिकते. त्यात सहा गिअरचा, ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. ६० हजारांना तेल आणि फिल्टर दोन्ही बदललेत का, बिल मागा. बिल नसेल तर बदलायचा खर्च भावातून काढा. तेल साधारण पाच लिटर जातं. लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना ओव्हरफ्लो नळीतून बघायची. थंड तेलावर भरलं तर जास्त भरलं जातं, फार गरम असताना भरलं तर कमी.

रिमॅप केलीय का, म्हणजे कॉम्प्युटरमधून इंजिनाची ताकद वाढवलीय का, ते जरूर विचारा. कंपनीचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर आणि गिअरबॉक्सची क्षमताही तेवढीच. ४३० वर नेलेली असेल तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून बघा. आरपीएम वर जातो आणि वेग तेवढा वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

उदगीर_गल्ली
धन्यवाद सर 🙏 पूर्ण दाबायला उदगीरमध्ये रस्ता कुठून आणू

नांदेडी
समृद्धीवर या, पण १२० च्या वर जाऊ नका. ७०१ किलोमीटरचा रस्ता आणि तुमची गाडी तिसऱ्या गिअरमध्येच शंभरी ओलांडते. उरलेले तीन गिअर नुसते कंपनीला.

टायर_जालना
समृद्धीवर जाताना हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा. दुपारी गरम टायर ४-५ पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून लोक हवा सोडतात. ती सोडलेली हवा म्हणजे कमी हवा. भिंत जास्त वाकते, जास्त तापते आणि फुटते.

वाळूज_गेट
विकायच्या तारखेचं एक सांगतो. जुन्या फेरारी ३५५ ला टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन सबफ्रेमसकट खाली उतरवावं लागतं, आणि बेल्ट किलोमीटरवर नाही तर वर्षांवर बदलतात. ३६० ला सीटमागच्या झाकणातून जमतं. बेल्टची तारीख जवळ आली की गाडी बाजारात यायची, जगभर हेच. आपल्याकडं बेल्टच्या जागी सगळं एकदम येतं. दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड, तेवढ्यात मागचे टायर, बॅटरी, विम्याचं रिन्यूअल आणि वॉरंटी संपत आलेली. एक्स्टेंडेड वॉरंटीचा आकडा ऐकला की जाहिरात टाकतात.

सिडको_एन४
सगळेच तोट्यात विकतात असं नाही. पोर्शेनं २०१६ ला ९११ आर काढली, ९९१ गाड्या, तिचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेला. असा नफा कुणी लगेच काढू नये म्हणून फोर्डनं जीटी देताना दोन वर्षं विकायची नाही असं लिहून घेतलं. कुस्तीगीर जॉन सीनानं आधीच विकली, तर फोर्डनं २०१७ मध्ये दावा लावला. पुढं तडजोड झाली.

औशाचा
आपल्याकडं अट उलटी पाहिजे. दोन वर्षं ठेवून दाखवा.

बीडबायपास
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. मग त्या ६,२०० किलोमीटरवाल्या गाडीत बघायचं काय? घ्यायची नाही, नुसतं विचारायलो.

टायर_जालना
नुसतं विचारणारेच घेतात 🙂 टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. चारही सारखे आणि गाडीच्या वयाचे असले तर रनिंग खरं असायला हरकत नाही. मागचे नवे आणि पुढचे जुने असले तर ६,२०० वर विश्वास ठेवू नका. उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, ६०-८० च्या वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथर येते. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गेली तर ठीक.

वाळूज_गेट
आणि लिफ्टवर चढवल्याशिवाय टोकन देऊ नका. पॅनल बघा, क्लिपांच्या जागी झिपटाय दिसले की समजायचं. ऑइल डिपस्टिकनं बघायला जाऊ नका, अलीकडच्या ९११ ला ती नसतेच. इंजिन गरम करून, सपाट जागेवर, स्क्रीनवर लेव्हल दिसते.

बीडबायपास
जाहिरातीत अकरा फोटो आहेत. खालून एकही नाही.

टायर_जालना
आणि मागच्या टायरचा?

बीडबायपास
तो पण नाही.