जुन्या सार्वजनिक बागेतल्या झाडांची सूची करायची आहे: क्रमांक, जागा आणि बिल्ले कसे ठरवावेत?

पानजाळी

सुमारे तीन हेक्टरची सार्वजनिक बाग आहे. मोठी झाडं अंदाजे ६००, झुडपं आणि वेली त्याहून जास्त. शिवाय पाम विभाग, नेचे व ऑर्किडसाठी सावलीघर आणि रोपवाटिका. जुनी नोंदवही आहे, पण तिच्यात नाव, लावल्याची तारीख आणि 'तळ्याजवळ', 'फाटकाच्या डाव्या हाताला' एवढंच. फाटक आता दुसऱ्या बाजूला आहे! काही झाडांवर पत्र्याच्या पाट्या आहेत, त्यातल्या काही उघड चुकीच्या: कांचनाच्या झाडावर आपट्याची पाटी. कामाला दोन माणसं आणि गरजेला माळी.

विचारायचं ते असं:

१) कुळ, मग जात, मग झाड असा सांकेतिक क्रमांक द्यायचा विचार आहे. ठीक आहे का?
२) नाव माहीत नसलेली झाडं आधी ओळखून घ्यावीत आणि मग नोंदवावीत का?
३) जागेसाठी फोनचं जीपीएस पुरेल का?
४) एक्सेलवर भागेल का?
५) बिल्ले कशाचे करावेत?

---

मूळखोड

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. क्रमांक झाडाचा असतो, नाव हे त्या झाडाबद्दलचं आजचं मत असतं. क्रमांकात नाव किंवा कुळ अजिबात गुंफू नका.

कारण सरळ आहे. सागवान जुन्या पुस्तकांत व्हर्बिनेसी कुळात सापडेल, आता ते लॅमिएसीत आहे. काटेसावर बॉम्बॅकेसीतून मालव्हेसीत आली. बाभूळ अकेशियाची व्हॅचेलिया झाली, सोनचाफा मायकेलियाचा मॅग्नोलिया झाला. करंज तर पोंगॅमियातून मिलेशियात जाऊन पुन्हा पोंगॅमियात आलाय. तुमच्या पद्धतीत अशा प्रत्येक बदलाला क्रमांक, बिल्ला, नकाशा, फोटोंची नावं सगळं बदलावं लागेल. आणि ज्या झाडाचं कुळच माहीत नाही त्याला क्रमांकच देता येणार नाही, म्हणजे नेमकी जास्त लक्ष देण्याजोगी झाडं सूचीबाहेर राहतील.

वनस्पती उद्यानांत चालते ती ॲक्सेशन पद्धत घ्या. एकाच जातीचं, एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, एकाच स्वरूपात (बी, रोप, कलम) आलेलं साहित्य म्हणजे एक ॲक्सेशन. समजा २०२४ मध्ये एका रोपवाटिकेतून एकाच जातीची १२ रोपं आली, तर ॲक्सेशन २०२४-०१३७ आणि झाडं ०१ ते १२. दोन वर्षांनी तिथूनच तीच जात पुन्हा आली तरी नवा क्रमांक. झाड मेलं की नोंद पुसायची नाही आणि तो क्रमांक दुसऱ्या झाडाला कधीही द्यायचा नाही. मेल्याची तारीख आणि कारण लिहून नोंद जागेवर ठेवायची.

आधीपासून उभ्या असलेल्या झाडांचं वर्ष ठाऊक नसेल तर अंदाजाने घालू नका. वर्षाच्या जागी ०००० घ्या: ००००-००४१. जुन्या नोंदवहीतली एखादी ओळ जुळते असं वाटलं तर ती 'जुना संदर्भ' या वेगळ्या रकान्यात, पुढे 'खात्रीने' किंवा 'शक्यता' असं लिहून. ओढूनताणून जुळवलेली तारीख पुढच्या माणसाला खरीच वाटते, आणि ती चूक नंतर कुणाला शोधता येत नाही.

मूळ कुठलं याचा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. रूढ संकेत चार: डब्ल्यू म्हणजे थेट जंगलातून गोळा केलेलं, झेड म्हणजे जंगली मूळ असलेल्या लागवडीतल्या झाडापासून वाढवलेलं, जी म्हणजे बागेतलं मूळ, यू म्हणजे माहिती नाही. तुमच्या बागेत नव्वद टक्के यू निघाले तरी लाजू नका. खोट्या डब्ल्यूपेक्षा खरा यू कधीही बरा.

नावासाठी दोन रकाने ठेवा: नाव, आणि ते कितपत तपासलंय. आंतरराष्ट्रीय नोंदपद्धतीत ही पातळी ० ते ४ असते. ० म्हणजे कुणीच तपासलेलं नाही, १ म्हणजे नाव लावलेल्या दुसऱ्या झाडाशी ताडून पाहिलं, २ म्हणजे जाणकाराने ग्रंथ किंवा हर्बेरियम नमुना (वाळवून जपलेला) पाहून ठरवलं, ३ म्हणजे त्या गटावरच काम करणाऱ्या तज्ज्ञाने, आणि ४ फक्त मूळ नमुन्याच्या (ज्यावरून जातीचं नाव ठरलं त्या) झाडांसाठी, ते तुम्हाला लागणार नाही. सध्याच्या पाट्यांवरचं प्रत्येक नाव ० वर घ्या.

कुंपणाला एकच नोंद, लांबी मीटरमध्ये. पसरणाऱ्या आच्छादनालाही एकच, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. हंगामी फुलझाडांना ॲक्सेशन देऊ नका, त्यातच वर्ष जाईल.

---

वाफा_नंबर_सात

जागेबद्दल. फोनचं जीपीएस उघड्यावर साधारण ५ मीटरपर्यंत चुकतं, दाट झाडोऱ्याखाली त्याहून बरंच जास्त. तीन मीटरवर दोन सारखी झाडं असतील तर कुठलं कुठलं हे त्यावरून कळत नाही. म्हणून उलटं करा. आधी बागेचे विभाग पाडा, प्रत्येकाला छोटा कोड द्या (टी३, पी१ वगैरे) आणि सीमा न हलणाऱ्या गोष्टींवर ठेवा: भिंत, पक्का रस्ता, इमारतीचा कोपरा. बाक आणि कचरापेटी खुणेला धरू नका, ती हलतात.

मोठ्या झाडांसाठी दोन टेपांची पद्धत सोपी आणि बिनचूक आहे. दोन पक्के बिंदू निवडा, दोन्हींपासून खोडाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा, आणि झाड त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या कुठल्या बाजूला हे लिहा. हे बाजूचं विसरलात तर नकाशावर दोन जागा निघतात. टेपा झाडापाशी ३० अंशांपेक्षा कमी किंवा १५० पेक्षा जास्त कोन करत असतील तर बिंदू बदला, तिथे दहा सेंटिमीटरची चूक मीटरभर होऊ शकते. पुढे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्तुळं काढली की छेदबिंदू मिळतो. ते फुकट आहे आणि विभागांच्या सीमांसाठीही तेच वापरा. झुडपांना एवढं करू नका, विभागाचा कोड आणि 'वाटेपासून दुसरी रांग, पूर्वेकडून चौथं' पुरतं.

खोडाचा घेर घ्यायचा तर जमिनीपासून मोजायची उंची एकच ठरवा: १.३ मीटर किंवा १.३७ मीटर. दोन्ही रूढ आहेत, मिसळू मात्र नका. आधारमुळं पसरलेली असतील तर त्यांच्या वर मोजा आणि मोजलेली उंची लिहा. अनेक खोडं असतील तर प्रत्येकाचा घेर वेगळा.

कामाचा क्रम: एक विभाग पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही. एक माणूस बोलतो, दुसरा लिहितो, आणि तात्पुरता बिल्ला झाडाला अडकवल्यावरच ओळ लिहायची. आधी यादी आणि मग बिल्ले असं केलं की एक झाड सुटतं आणि तिथून पुढची सगळी रांग एकाने सरकते. लक्षात येतं ते रांगेच्या शेवटी, एक बिल्ला हातात उरल्यावर.

---

पानजाळी

खूप उपयोगी, धन्यवाद. कुळाचा कोड रद्द. दोन उपप्रश्न: बागेतल्याच झाडाची छाटकलमं केली तर तोच क्रमांक की नवा? आणि तीन कांचन आहेत, तिन्हींची पानं सारखीच दिसतात. नाव काय टाकू?

---

मूळखोड

बी लावलं तर नवा क्रमांक, यात वाद नाही. नवी पिढी आहे, शेजारच्या जातीशी संकर झालेला असू शकतो. छाटकलम किंवा गुटीबाबत दोन पंथ आहेत. काही बागा जुनाच ॲक्सेशन ठेवून झाडाचा पुढचा अंक देतात, कारण जनुकीयदृष्ट्या झाड तेच. माझ्या मते नवा क्रमांक द्या आणि 'जनक' रकान्यात मूळ झाडाचा पूर्ण क्रमांक लिहा, अगदी ००००-००४१ चं ०२ असं झाडापर्यंत. कलम कधी केलं, कुणी केलं, किती जगली हे त्या नव्या नोंदीत नीट बसतं.

कांचनांना आत्ता नुसतं 'बौहिनिया' एवढंच (जातीशिवाय, फक्त गटाचं) नाव द्या, पातळी ०, आणि फुलं येईपर्यंत थांबा. पानांवरून भांडण मिटत नाही. फुलात परागकोश असलेले पूर्ण वाढलेले पुंकेसर मोजा: बौहिनियाच्या व्हेरिगाटा जातीत सहसा ५, पुर्पुरिया जातीत सहसा ३. पुर्पुरियाच्या पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुट्या. व्हेरिगाटाच्या रुंद, कडा एकमेकींवर आलेल्या. पुंकेसर पाच आहेत, फुलं मोठी गडद गुलाबी-जांभळी आहेत आणि शेंगा कधीच धरत नाहीत, तर ब्लेकियाना या वांझ संकराची शक्यता. एका झाडाची चार-पाच फुलं तरी उघडून पाहा, एखादं फूल फसवतं.

फोटो काढताना पहिला फोटो बिल्ल्याचा. मग पूर्ण झाड, साल, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून आणि उभं चिरून, फळ. असं केलं की कॅमेऱ्यातला क्रमच सांगतो कुठला फोटो कुठल्या झाडाचा.

---

तक्ता_आणि_तळटीप

एक्सेलवर भागेल, पण एकाच लांबलचक शीटवर नाही. चार शीटं करा: नावं (एका नावाची एकच ओळ), ॲक्सेशन, झाडं, आणि घडामोडी (लावलं, हलवलं, छाटलं, मेलं, तपासलं). नाव बदललं की पहिल्या शीटमध्ये एकदाच बदलायचं, बाकी ठिकाणी शोधसूत्राने येतं. मराठी नावं वेगळ्या शीटमध्ये, एका जातीला हवी तितकी.

एक्सेलच्या खोड्या:

क्रमांकाचे रकाने टाइप करायच्या आधी टेक्स्ट करा. नाहीतर ०१ चं १ होतं. क्रमांकात पूर्णविराम वापरलात तर २०२४.०१४० चं २०२४.०१४ होतं. वाफा ७, झाड ३ म्हणून ७/३ लिहिलंत तर त्याची तारीख होते. सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल थेट दोनदा क्लिक करून उघडली तरी हेच.

सगळ्यात वाईट ती खालच्या कोपऱ्याला धरून ओढण्याची सवय. २०२४-०१३७ बारा ओळींत हवा म्हणून कोपरा ओढला की खाली ०१३८, ०१३९ असे आपोआप वाढत जातात. एकाच ॲक्सेशनची बारा झाडं बारा ॲक्सेशन होतात आणि शीट अगदी शहाण्यासारखं दिसतं. ओळी निवडून कंट्रोल-डी वापरा.

क्रमवारी लावताना एकच रकाना निवडला असेल तर एक्सेल विचारतं की निवड वाढवू का. 'नाही' म्हटलंत की नावं एकीकडे, झाडं दुसरीकडे. रोज तारखेनिशी प्रत ठेवा, ही चूक पंधरवड्याने कळते.

मराठीतून नोंद करणाऱ्यांसाठी खास: क्रमांकात एकाच लिपीचे अंक ठेवा. इथे वाचायला देवनागरी लिहितोय, पण शीटमध्ये इंग्रजी अंक. अर्ध्या नोंदी एका लिपीत आणि अर्ध्या दुसऱ्या लिपीत असतील तर शोध अर्धीच झाडं दाखवतो. तसंच 'पांढऱ्या' मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखा, संगणकाला वेगळा. म्हणून फुलाचा रंग, स्थिती, विभाग हे सगळं टाइप न करता यादीतून निवडायचं ठेवा.

संग्रह हजारोंत गेला किंवा एकाच वेळी तीन-चार जण नोंदी करू लागले की बीजी-बेस, आयरिसबीजी यांसारख्या खास प्रणालींचा विचार करा. शीटं वर सांगितल्यासारखी नीट असतील तर माहिती तिकडे नेणं जड जात नाही.

---

वाफा_नंबर_सात

बिल्ल्यांचं राहिलंच. दोन वेगळे हवेत. एक नोंदीचा, लहान, ठसे उमटवलेल्या ॲल्युमिनियम पट्टीचा, त्यावर क्रमांक आणि जमलं तर आखूड नाव. दुसरा लोकांना वाचायचा मोठा, तो नाव निदान पातळी २ ला पोचल्यावरच. मोठी पाटी चोरीला जाते, लोक इकडची तिकडे लावतात. नोंदीचा बिल्ला सहज हात पोचणार नाही असा दोन मीटरच्या आसपास, सगळ्या झाडांवर एकाच दिशेला, म्हणजे शोधायला झाडाभोवती फिरावं लागत नाही.

मार्कर पेन उन्हात उडतं, 'पर्मनंट' लिहिलेलंसुद्धा. तात्पुरत्या बिल्ल्याला खरबरीत ॲल्युमिनियमवर मऊ पेन्सिल जास्त टिकते. ॲल्युमिनियमचा बिल्ला तांब्याच्या तारेने बांधू नका. ओलाव्यात दोन धातूंमुळे ॲल्युमिनियम खात जातं, भोक मोठं होतं आणि एक दिवस तार झाडावर, बिल्ला पाचोळ्यात. ॲल्युमिनियमचीच तार घ्या.

तार खोडाभोवती कधीच नाही, बाजूच्या फांदीला सैल फास द्या. आवळलेली तार साल कापत आत जाते आणि फांदी गळ्यातून मरते. मोठ्या खोडाला स्टेनलेस स्टीलचा लांब स्क्रू, आणि त्याचं डोकं व पाटी यांच्यामध्ये स्प्रिंग. खोड जाड होईल तशी पाटी स्प्रिंग दाबत बाहेर येते. स्प्रिंग पूर्ण दबलेली दिसली की स्क्रू दोन-चार आटे सैल करायचा. स्प्रिंग नसेल तर झाड पाटी गिळतं.

पामला मात्र स्क्रू नको. पामच्या खोडाला सालीखालचा वाढीचा थर नसतो, जखम भरून येत नाही, ते भोक जन्मभर राहतं. तिथे जमिनीत खुंटी, पण गवत कापताना खुंट्या उडतात, म्हणून पाम विभागाचा टेपने केलेला नकाशा सगळ्यात आधी पूर्ण करा. सावलीघरात बिल्ला कुंडीला नाही, रोपाला किंवा मातीत रोवलेल्या पट्टीवर. कुंडी बदलली की तीच पट्टी नव्या कुंडीत जायला हवी, हे माळ्यांना आधीच सांगून ठेवा.

पुढे तपासणी: सावलीघर आणि रोपवाटिका दरवर्षी, बाहेरची झाडं तीन वर्षांत एकदा, विभागवार. झाड दिसलं नाही तर लगेच 'मेलं' लिहू नका, 'सापडलं नाही' लिहा. पुढच्या फेरीतही नाही सापडलं तरच नोंद बंद करा. कंदवर्गीय असेल तर ते विश्रांतीत नाही ना हे पाहूनच फेरीचा महिना ठरवा.