प्रतिसाद: झड्या बांधणारे हात

महाबळेश्वरची जुनी हॉटेलं साहेबाने ओसाड रानात उभी केली, असं एकाने इथे लिहिलंय, ते अर्धंच खरं. जागा साताऱ्याच्या राज्यातली. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांनी ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, बदल्यात खंडाळा गाव घेतलं. हॉटेलं त्यानंतरची.

पण ती टिकली कशी, हे कुणीच लिहिलं नाही. वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि भिंती पाणी पिणाऱ्या जांभ्याच्या! माझे आजोबा मे सरता सरता तिथल्या एका हॉटेलाला झड्या, म्हणजे भिंती पावसापासून झाकणारे गवताचे पडदे, बांधायला जायचे. जोत्यापासून पार वळचणीपर्यंत गवत, बांबूच्या कामट्यांनी आवळलेलं. दिवाळीच्या सुमारास सोडायचं. हा इतिहासही नोंदवायलाच हवा. गवताने कापलेल्या बारीक रेघा त्यांच्या तळहातांवर बारा महिने असायच्या.